एकच बाजू वाजते : स्टीरिओ रिसीव्हरची प्रश्नोत्तरे

प्रश्न : डावा स्पीकर अचानक बंद पडला, उजवा व्यवस्थित वाजतो. रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र असलेला डबा) दुरुस्तीला टाकावा का?

आधी बिघाड कुठे आहे ते शोधा. त्यासाठी डबा उघडावा लागत नाही. बॅलन्सचा नॉब मध्यावर असल्याची खात्री करा. मग रिसीव्हर बंद करून मागच्या टर्मिनलांवर दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. चालू रिसीव्हरवर हे कधीच करू नका. दोन तारा एकमेकींना टेकल्या तर आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला शक्ती देणारे भाग) क्षणात जळू शकतात. अदलाबदलीनंतरही तोच स्पीकर गप्प राहिला, तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या वायरीत आहे. वायर सोडवून मल्टीमीटर लावा. 8 ओहमचा चांगला स्पीकर साधारण 6 ओहम दाखवतो. मीटर हललाच नाही तर आतलं सर्किट कुठेतरी तुटलं आहे.

गप्प असलेला वाजू लागला आणि वाजणारा गप्प झाला, तर स्पीकर निर्दोष आहेत. आता इनपुटच्या आरसीए (बहुधा लाल-पांढऱ्या) पिना उलटसुलट करा. मुकी बाजू बदलली तर केबल किंवा प्लेअर पाहा, नाही बदलली तर दोष रिसीव्हरमध्येच आहे.

प्रश्न : उजवी बाजू सुरुवातीला गप्प असते. आवाज मोठा केला की खरखरत येते, कमी केला की पुन्हा जाते. हेडफोनवर मात्र दोन्ही बाजू छान.

हे स्पीकर रिलेचं, म्हणजे स्पीकरची लाइन आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचं, ठळक लक्षण. रिसीव्हर चालू केल्यावर काही सेकंदांनी जो ‘टक्’ ऐकू येतो, तो याचाच. त्याच्या काँटॅक्टवर (एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांवर) काळा थर चढतो. बारीक सिग्नल त्यातून पार होत नाही, जोरदार सिग्नल होतो. बऱ्याच रिसीव्हरमध्ये हेडफोनची लाइन रिलेच्या आधीच फुटते, म्हणून तिथे सगळं ठीक वाटतं.

मात्र स्पीकर ए/बी स्विचही (स्पीकरच्या दोन जोड्यांतून निवड करणारा) असाच वागतो. रिसीव्हर बंद ठेवून तो वीसेक वेळा दाबा-सोडा. फरक पडला तर स्विचमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारा; गंजलेले नट सोडवायचा स्प्रे इथे नको.

रिलेपर्यंत जायचं असेल तर प्लग काढा आणि मोठे फिल्टर कॅपॅसिटर (प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवणारे भाग) 220 ओहम, 10 वॉटच्या रेझिस्टरने रिकामे करा. मीटर 1 व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालू नका. रिलेचं झाकण निघत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी काँटॅक्टमध्ये धरून ओढा. पॉलिश पेपरने वरचा पातळ मुलामा जातो आणि रिले आणखी लवकर बिघडतो. खरं तर साफसफाई तात्पुरतीच, रिले बदलणंच योग्य. नवा घेताना कॉइलचं व्होल्टेज, काँटॅक्टचे अँपिअर आणि पायांची मांडणी जुन्यासारखीच हवी.

प्रश्न : कपाट हलवल्यापासून एक बाजू बंद आहे. सगळ्या वायरी तपासल्या.

मागे ‘प्री आउट’ (प्री-अँपमधून बाहेर) आणि ‘मेन इन’ (स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अँपमध्ये आत) यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या आहेत का? एक निसटली तरी ती बाजू गप्प होते. पट्टी नसेल तर आखूड आरसीए केबल चालेल.

प्रश्न : एका चॅनेलचा आतला फ्यूज उडाला. नवा घातला, तोही लगेच गेला.

जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका. बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांना चालवणारे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर व त्यांच्या एमिटर पायाला जोडलेले 0.22 ते 0.47 ओहमचे रेझिस्टरही गेलेले असतात. एकच भाग बदलून चालू केलं तर नवा भागही जळतो, म्हणून ही सगळी साखळी तपासा. नंतर पहिल्यांदा चालू करताना स्पीकर काढून ठेवा आणि मेनला 60 ते 100 वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा; प्रखरच राहिला तर शॉर्ट अजून आहे. मग स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडा.

प्रश्न : तोवर चालू बाजूवरच दोन्ही स्पीकर लावू का?

8 ओहमचे दोन समांतर जोडले की 4 ओहम होतात. रिसीव्हरच्या मागे 4 ओहम चालतं असं छापलं नसेल तर लावू नका. ‘मोनो’ बटण दाबून एकच स्पीकर वाजवा. दोष पॉवर अँपच्या बाजूला असेल, तर दोन्ही चॅनेलचं संगीत त्या एकात ऐकू येईल.