देणं रक्ताने नाही, सहीने येतं

वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय : वडिलांचा धंदा बुडाल्यावर घरच्यांनी काय करावं

प्रश्न : इचलकरंजीत वडिलांचे 24 माग होते. कापडाची येणी अडकली, मग एकाचं घेऊन दुसऱ्याला देणं सुरू झालं आणि आता कारखान्याला टाळं आहे. सहकारी बँकेच्या कॅश क्रेडिटला (धंद्यासाठी लागेल तसे पैसे काढायच्या कर्जखात्याला) राहतं घर तारण आहे. पतसंस्थेच्या कर्जाला काका आणि मी जामीन आहोत. सूतवाल्यांची उधारी आहे, शिवाय दोन सावकार. मी पुण्यात नोकरीला आहे, पगार 40,000. नातेवाईक म्हणतात, घर आईच्या नावावर करा आणि दिवाळखोरी जाहीर करून मोकळे व्हा.

उत्तर : दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. घर गहाण आहे. ते कोणाच्याही नावावर केलं तरी गहाण त्याच्याबरोबर जातं. वर, घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं बक्षीसपत्र न्यायालय रद्द ठरवू शकतं. नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज झालाच, तर त्याआधीच्या दोन वर्षांतले असे व्यवहार उकरले जातात.

आधी वही घेऊन बसा. प्रत्येक देण्यापुढे लिहा : मुद्दल किती, आजवर किती फेडलं, कागद कोणता, सही कोणाची, तारण काय, कोरे चेक किती दिलेत. हातउसनेही लिहा. वडील ते सांगणार नाहीत, पण आईला बहुधा माहीत असतात. बँकेकडून खातेउतारा आणि मंजुरीपत्र, पतसंस्थेकडून जामीनपत्राची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. सहीचा रकाना भरला की निम्मी भीती कमी होते, कारण जिथे तुमची सही नाही तिथे वडील हयात असताना तुमच्याकडे वसुलीला यायचा कोणालाच हक्क नाही. तुमच्या बाबतीत सही आहे ती पतसंस्थेच्या कागदावर.

ती गोष्ट मात्र गंभीर आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी वडिलांकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं म्हणता येत नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला, म्हणजे जप्ती करून वसुली करता येईल असा आदेश, मागते. त्या सुनावणीची नोटीस आली की जा. व्याजाचा हिशेब, भरलेले हप्ते, जादा लावलेले आकार यांवर तिथेच लेखी हरकत घ्या. लोक सुनावणी चुकवतात आणि दाखला निघाल्यावर धावतात. तेव्हा पुनरीक्षण अर्जासाठी (दाखला वरच्या अधिकाऱ्याने तपासावा म्हणून करायच्या अर्जासाठी) वसूलपात्र रकमेच्या 50 टक्के आधी भरावे लागतात, आणि तेवढे पैसे असते तर प्रश्नच नव्हता. कर्ज घेताना पगारकपातीचं संमतिपत्र दिलं होतं का, हेही पाहा. तुम्ही एकट्याने सगळं फेडलं, तर काकांचा वाटा त्यांच्याकडून मागण्याचा हक्क कायदा देतो. नात्यातला हिशेब आजच कागदावर आणलेला बरा.

बँकेचं वेळापत्रक ठरलेलं असतं. खातं 90 दिवस थकलं की एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं खातं, मग सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता तारण विकायचा हक्क बँकेला देणाऱ्या कायद्याची) 60 दिवसांची नोटीस. त्या मुदतीत लेखी हरकत दिली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली, तर तिच्याविरुद्ध 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. कोल्हापूर जिल्ह्यासाठी ते पुण्याला आहे. पोस्टमनकडून नोटीस घेतलीच नाही म्हणजे ती लागू होत नाही, हा गैरसमज फार महागात पडतो. ती दारावर चिकटवली जाते, वर्तमानपत्रात छापली जाते, आणि दिवस मोजणं थांबत नाही. लिलावाची जाहीर नोटीस निघण्याआधी पूर्ण रक्कम भरून घर सोडवता येतं. नंतर तो हक्क उरत नाही. म्हणून घर वाचणारच नसेल, तर बँकेला सांगून, तिच्या संमतीने गिऱ्हाईक स्वतः आणा. लिलावात सहसा याहून कमी येतं.

मागांबद्दल एक गोष्ट. बंद कारखान्यातले साधे माग किलोवर भंगारात काढायचा मोह होतो. ते बँकेकडे तारण असतील आणि परवानगीशिवाय विकले, तर दिवाणी भानगडीची फौजदारी होते. आधी मंजुरीपत्र वाचा.

सूतवाल्यांकडचे चेक हा खरा धोका. साधं देणं थकलं म्हणून कोणी तुरुंगात जात नाही, चेक न वटल्याचा मात्र गुन्हा होतो. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत व्यापारी नोटीस देतो. ती मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस असतात. त्यानंतर तक्रार, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. त्या 15 दिवसांत जाऊन बोला, हप्ते ठरवा, ठरलेलं लिहून घ्या, जुना चेक परत घ्या. आणि काहीही झालं तरी वडिलांच्या देण्यापोटी स्वतःचा चेक देऊ नका. दिलात की आरोपी तुम्ही.

सावकारांना पहिला प्रश्न : परवाना दाखवा. महाराष्ट्र सावकारी अधिनियम 2014 प्रमाणे विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारकालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला 15 आणि नसेल तर 18 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. ‘महिन्याला पाच टक्के’ म्हणजे वर्षाला 60, हे वहीत मुद्दाम लिहून ठेवा. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. जमीन किंवा घर खरेदीखत करून लिहून घेतलं असेल, तर तेही परत मिळवण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

आता नादारी. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग अजून सर्वांना लागू झालेला नाही. कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता तो 1 डिसेंबर 2019 पासून सुरू आहे. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला मुंबईत 1909 चा आणि उरलेल्या महाराष्ट्रात 1920 चा जुनाच कायदा चालतो. अर्ज जिल्हा न्यायालयात. नादार ठरवलं की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, आईचं मंगळसूत्र, पीएफ, पीपीएफ यांना हात लागत नाही. अटकेपासून संरक्षण मागता येतं. पण गहाण ठेवून घेणाऱ्या बँकेला हा कायदा अडवत नाही, चेकचा खटला थांबत नाही, आणि जामीनदार सुटत नाही, म्हणजे तुम्ही सुटत नाही. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत मुद्दाम एखाद्याच घेणेकऱ्याला झुकतं माप देऊन पैसे दिले असतील, तर तेही परत मागितले जाऊ शकतात. घर, माग विकूनही सूतवाल्यांचं मोठं देणं उरणार असेल, तरच वकिलाशी या वाटेचं बोला. मोकळे होण्याचा झटपट उपाय म्हणून नको.

पैसे कोणाला आधी द्यायचे? जो दारात येऊन ओरडतो त्याला आधी दिलं जातं, आणि तिथेच चुकतं. कामगारांची मजुरी, मग चेकवाले, मग तुमची सही असलेली पतसंस्था. ओरडणारा सावकार शेवटी.

प्रश्न : वडील मार्चमध्ये वारले. बँकेचे लोक म्हणतात, मुलाने कर्ज स्वतःच्या नावावर करून घ्यावं. घेणं भाग आहे का?

उत्तर : नाही. वडिलांकडून जे मिळालं, त्याच्या किमतीपुरतीच वारसांची जबाबदारी. काहीच मिळालं नसेल तर शून्य. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, या जुन्या तत्त्वावर हिंदू मुलाकडून वसुली होत असे. 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांसाठी ते दार बंद झालं आहे. अर्थात, कर्जाला घर तारण असेल तर बँक घराकडे जाईल. कसलंही नवं हमीपत्र, वचनचिठ्ठी किंवा ‘फक्त माहितीसाठी’ म्हणून पुढे केलेला कागद सही करू नका. सही केलीत की वडिलांचं देणं तुमचं होतं. कर्जाला विमा जोडलेला होता का, हे खातेउताऱ्यात हप्त्याच्या नोंदी पाहून शोधा. ही गोष्ट बँक आपणहून सांगेलच असं नाही.

प्रश्न : वसुलीवाले रात्री दहाला फोन करतात, शेजाऱ्यांकडे चौकशी करतात.

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 एवढ्याच वेळेत. नातेवाईक-शेजाऱ्यांपुढे अपमान करायला मनाई आहे. तारीख, वेळ, नंबर टिपा, बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. मारहाणीची धमकी असेल तर 30 दिवस थांबायचं नाही, थेट पोलीस ठाणं.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. वडिलांचं खातं थकलंय म्हणून तिला शैक्षणिक कर्ज मिळणार नाही का?

उत्तर : तिच्या नावावर डाग येत नाही. अडचण सहकर्जदाराची असते. वडिलांऐवजी आई किंवा मामा चालतील का, हे शाखेत विचारा. प्रवेश घेताना यंदाचा तहसीलदाराचा उत्पन्न दाखला काढा. धंदा चालू असतानाचा जुना दाखला जोडल्यामुळे हक्काची सवलत जाते. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची पात्रता तपासा. तिला घरची स्थिती खरी सांगा. बंद खोलीतलं बोलणं तिने ऐकलेलं असतंच.

प्रश्न : नवरा दोन महिने घराबाहेर पडलेला नाही. परवा विम्याचे कागद काढून मला नीट समजावून सांगत होता.

उत्तर : हे पत्र आधी घ्यायला हवं होतं. कागदांची अशी आवराआवर, निरवानिरवीचं बोलणं, झोप उडणं याकडे दुर्लक्ष करू नका. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्यांना एकटं सोडू नका, कीटकनाशक, जास्तीची औषधं घरातून हलवा आणि आजच मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलतात. कर्जाचे फोन काही दिवस दुसऱ्या कोणीतरी घ्यावेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून गरज पडली तर तुमच्या नावाने करा.

प्रश्न : एकरकमी परतफेड करून खातं मिटवलं. चार महिने झाले, घराचे मूळ कागद मिळत नाहीत.

उत्तर : 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम असा की पूर्ण रक्कम किंवा ठरलेली तडजोड रक्कम भरल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे. उशीर बँकेमुळे झाला असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. बेबाकी दाखल्याची (कर्ज फिटल्याच्या दाखल्याची) प्रत जोडून लेखी मागणी करा. कागद हाती आले की मिळकत पत्रिकेवरचा किंवा सातबाऱ्यावरचा बोजा कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. बोजा आपोआप उतरत नाही, आणि पुढे घर विकताना नेमका तिथेच व्यवहार अडतो.