जुनी 'डॉक्टर हू' मालिका आजही लोकांना एवढी का आवडते? तिच्यात बघण्यासारखं नक्की काय आहे?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की दोन-तीन भाग बघितले, सेट हलताना दिसले, राक्षस रबराचे वाटले, गोष्ट पुढे सरकेना आणि टाइम ट्रॅव्हलच्या नावाखाली सगळे नुसते बोळांमधून पळत होते. सगळं मान्य. १९६३ ते १९८९ची जी जुनी बीबीसीवाली मालिका आहे तिच्यात हे सगळं आहे आणि तिचे फॅन पण ते नाकारत नाहीत, उलट हसत हसत दाखवतात.

पण मला विचाराल तर तिची मजा टाइम ट्रॅव्हलमध्ये नाहीचे मुळी. मजा यात आहे की टाइम मशीन आहे पण ते चालवता येत नाही.

म्हणजे बघा, पहिल्या भागात काय होतं, लंडनमधल्या एका शाळेचे दोन शिक्षक, इयान सायन्सचा आणि बार्बरा इतिहासाची, सुझन नावाच्या विचित्र हुशार विद्यार्थिनीच्या मागे मागे एका भंगाराच्या आवारात जातात आणि तिथे पोलिसांची निळी टेलिफोनची पेटी उभी असते. आत शिरतात तर आत भलीमोठी खोली. सुझनचा आजोबा म्हणजे डॉक्टर. आता हा आजोबा त्यांना प्रेमाने विश्व दाखवायला नेतो का, तर अजिबात नाही! यांना आता आपलं गुपित कळलं, बाहेर जाऊन बोंब मारतील, म्हणून तो सरळ यान सुरू करतो, चक्क पळवून नेतो त्यांना. आणि मग परत सोडताही येत नाही, कारण टार्डिस, म्हणजे पेटीसारखं दिसणारं ते यान, कुठे उतरेल ते त्याच्याच हातात नाही. कधी अश्मयुग, कधी मार्को पोलोचा काफिला, कधी दुसराच ग्रह. ते दोघे बिचारे घरी पोचायला दोन सीझन धडपडतात. १९६५मध्ये पोचतात तेही टार्डिसने नाही, डालेक नावाच्या, धातूच्या कवचात राहणाऱ्या क्रूर परग्रहवासीयांच्या टाइम मशीनमधून!

आलिया भोगासी असावे सादर, अशी ही मालिका आहे. जिथे उतरलात तिथली माणसं, तिथलं राजकारण, तिथला धर्म समजून घ्या आणि डोकं चालवून सुटा. बंदुकीने सुटता येत नाही कारण बंदूक नाही, पळून जाता येत नाही कारण यान तरी बिघडलंय नाहीतर शत्रूच्या ताब्यात आहे. मग उरतं काय, बोलणं. म्हणून जुन्या भागांमध्ये माणसं एवढी बोलतात, आणि पैसे नव्हते हे कारण तर आहेच, पण त्यातून जे निघालं ते भारी निघालं.

आणि सुरुवातीचा डॉक्टर चांगला माणूस नाहीये, हे फार कमी लोक सांगतात. पहिल्याच कथेत हे चौघे अश्मयुगीन टोळीपासून पळत असतात, मागे लागलेला एक जण जंगलात जखमी होऊन पडतो, बार्बरा म्हणते याला सोडून जायचं नाही, आणि तेवढ्यात डॉक्टर एक धारदार दगड उचलून त्या जखमी माणसाजवळ वाकतो. इयान त्याचा हात धरतो. काय करत होतास? तर म्हणे, त्याच्याकडून टार्डिसपर्यंतचा नकाशा काढून घेणार होतो. कोणाचा विश्वास बसतो त्यावर! पहिला डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलने तो क्षण असा केलाय की तुम्हाला खात्रीच होते हा खोटं बोलतोय, आणि हा आपला हीरो. पुढच्याच कथेत एका परग्रहावरचं शहर बघायची हौस आली म्हणून यान बिघडल्याचं सोंग करतो, पारा लागेल म्हणून सगळ्यांना त्या शहरात नेतो, आणि तिथेच डालेक भेटतात. म्हणजे या मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं संकट म्हाताऱ्याच्या थापेमुळे ओढवलंय. त्याला माणुसकी शिकवतात ते हे दोन साधे शिक्षक. हळूहळू, काहीही जाहीर न करता. मला तरी ही वाढ कुठल्याही अंतराळयुद्धापेक्षा जास्त बघावीशी वाटते.

टाइम ट्रॅव्हलच बघायचं असेल तर 'द अ‍ॅझ्टेक्स' बघा, १९६४ची, चारच भाग. बार्बराला तिथले लोक देवी समजतात, तिला वाटतं आता आपल्या हातात सत्ता आहे, नरबळी बंद करू, म्हणजे पुढे स्पॅनिश येतील तेव्हा ही संस्कृती वाचेल. डॉक्टर तिला ठणकावून सांगतो की इतिहासाची एक ओळसुद्धा बदलता येणार नाही. ती ऐकत नाही, आणि हरते. शेवटी तिच्या बाजूला काय, तर एकाच पुजाऱ्याचं मन बदललं, तोही सगळं सोडून निघून गेला. कुठलाही पॅराडॉक्स नाही, आकृत्या नाहीत, फक्त एका इतिहासाच्या शिक्षिकेला इतिहासापुढे हात टेकावे लागतात.

याच्याच जोडीला १९७५ची 'जेनेसिस ऑफ द डालेक्स'. इथे डॉक्टर दुसरा नट आहे, टॉम बेकर, तो लांब स्कार्फवाला (नट कसे बदलतात ते पुढे सांगतो). डालेक जन्माला यायच्या आधीच त्यांना संपव म्हणून त्याला पाठवलेलं असतं. स्फोटकं लावून झालीत, हातात दोन वायरी आहेत, टेकवल्या की काम खलास, आणि तो थांबतो. मला हक्क आहे का हा? असं सोबतच्यांना विचारतो. लोक हा सीन इथपर्यंतच सांगतात आणि डॉक्टर किती थोर म्हणतात. पण पुढे काय होतं ते बघा, तेवढ्यात कोणीतरी चांगली बातमी घेऊन येतो, आणि निर्णय टळला म्हणून हा सुटकेचा श्वास सोडतो. नंतर परिस्थिती बिघडल्यावर तोच परत त्या वायरी जोडायला धावतो, आणि जोडल्या जातात त्या एका डालेकच्या धक्क्याने! उत्तर दिलंच नाही लेखकाने. वेळ मारून नेली असंही म्हणता येईल, मला मात्र हे फार प्रामाणिक वाटतं.

आता चेहरा बदलण्याचं. हार्टनेलची तब्येत ढासळली, १९६६मध्ये त्याला जावं लागलं, मालिका तर चालू ठेवायची होती. दुसरी कुठलीही मालिका असती तर तसाच दिसणारा नट शोधला असता. यांनी डॉक्टरला सगळ्यांसमोर कोसळवला आणि उठला तो पॅट्रिक ट्रॉटन, वेगळा चेहरा, वेगळा स्वभाव. अडचणीतून काढलेली वाट पण त्यावर मालिका अजून जगतेय. १९६९मध्ये पण तेच, ट्रॉटनला सोडायचं होतं, म्हणून टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टर ज्या परग्रहावरच्या जमातीतला आहे तेच लोक, त्याच्यावर खटला चालवतात, चेहरा बदलायची आणि पृथ्वीवर अडकून राहायची शिक्षा देतात. पृथ्वीवर शूटिंग स्वस्त पडतं ना! पण त्याच्या जोडीदारांची, जेमी आणि झोईची, आठवण पुसून टाकतात, त्यांना फक्त डॉक्टरबरोबरची पहिली भेट आठवणार. तो निरोप बघताना बजेट वगैरे कोणाच्या डोक्यात येत नाही.

आवाजाबद्दल बोलायलाच हवं. ते सुरुवातीचं संगीत रॉन ग्रेनरने लिहिलं, पण जे आपल्याला ऐकू येतं ते डेलिया डर्बिशर नावाच्या बाईने बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे खास आवाज तयार करणाऱ्या विभागात, घडवलं, सिंथेसायझर न वापरता, एकेक स्वर टेपवर घेऊन, टेप कापून, चिकटवून. टार्डिसचा तो घरघराट म्हणजे पियानोच्या तारांवर किल्ली घासून केलेला आवाज, नंतर त्यावर प्रक्रिया केलेली. रात्री हेडफोन लावून ऐका एकदा. चित्र स्वस्त होतं पण आवाज कधीच स्वस्त नव्हता.

आणि माणसं कोण होती बनवणारी? निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, २७ वर्षांची. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौला जन्मलेला, २४ वर्षांचा. पहिला भाग आला २३ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींची हत्या आदल्याच दिवशी झालेली, त्यामुळे पुढच्या आठवड्यात तोच भाग परत दाखवून मग दुसरा दाखवला. हे असं सगळं उलटं असताना मालिका २६ सीझन चालली.

साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग आज सापडत नाहीत कारण बीबीसीने टेप पुसून परत वापरल्या. पण आवाज सगळ्या भागांचा शाबूत आहे! त्या वेळी घरोघरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसायची, त्यांच्यामुळे. ट्रॉटनची पहिली कथा तर पूर्ण गायब आहे, फक्त ऐकता येते, वर अ‍ॅनिमेशन जोडलंय. एवढं प्रेम लोकांनी कुठल्या मालिकेवर केलंय सांगा.

हळू वाटते या तक्रारीवर एकच उपाय. ही मालिका सलग बघायची नाही. पंचवीस मिनिटांचा भाग, शेवटी कोणीतरी दरीच्या टोकावर लटकलेलं, मग आठवडाभर वाट, अशी ती बांधलीय. सलग चार तास बघितलीत तर तोच तुरुंग, तीच सुटका, परत तोच तुरुंग हे डोळ्यांवर येणारच, सहा भागांच्या कथांमध्ये तर मधले दोन भाग नुसते पळण्यात जातात. रोज एक भाग बघा.

सुरुवात कुठून? पहिला भाग बघा, त्यानंतरचे गुहेतले तीन थोडे कंटाळवाणे आहेत पण तो दगडाचा सीन त्यातच आहे. मग 'अ‍ॅझ्टेक्स', मग 'जेनेसिस'. हसायचं असेल तर १९७९ची 'सिटी ऑफ डेथ', पॅरिसमध्ये जाऊन शूट केलेली, मोनालिसाच्या चोरीची, लिहिण्यात 'हिचहायकर्स गाइड'वाल्या विनोदी लेखक डग्लस अ‍ॅडम्सचा हात. बेकरनंतर डॉक्टर झालेल्या पीटर डेव्हिसनची १९८४ची 'केव्ह्ज ऑफ अ‍ॅन्ड्रोझानी' मात्र शेवटी ठेवा, ती आधी बघितलीत तर बाकीच्या बऱ्याच कथा फिक्या वाटतील. आणि तीही आवडली नाही तर सोडून द्या बिनधास्त, २००५नंतरची नवी मालिका आहेच, तिच्यात सेट हलत नाहीत.