वाचक विचारतात : इंजिन मंदावले, तरी फेरीबोट का थांबत नाही?

प्रश्न : रायबंदरहून चोडणला जाताना धक्का लांब असतो तेव्हाच इंजिनाचा आवाज उतरतो. तरी फेरीबोट पुढे सरकतच असते. मग तिला पुढे कोण नेते? (एक वाचक, चोडण)

उत्तर : कोणीच नाही. हातगाडी ढकलायची सोडली की थांबते, म्हणून चालत राहायला सतत ढकलणारा हवा असे आपण धरून बसतो. पण हातगाडी थांबते ती घर्षणामुळे. न्यूटनने 1687 मध्ये मांडलेला पहिला नियम एवढेच सांगतो की बाहेरून बळ लागले नाही तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ जात राहते. बोटीला थोपवायला मुख्यतः पाण्याचा विरोध असतो आणि खरी गंमत तिथेच आहे. हा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की विरोध चौथाई. त्यामुळे सुरुवातीचा वेग भराभर उतरतो, पण शेवटचा थोडासा वेग काही केल्या जात नाही. तेवढा मारायला धक्क्याजवळ पंखा उलटा फिरवावा लागतो. पाणी फेसाळते आणि पायाखालची लोखंडी जमीन थरथरते ती तेव्हा.

मांडवीतून जाणाऱ्या बार्जचा हिशेब करून पाहा. बार्ज आणि खनिज मिळून 2,500 टन, वेग सेकंदाला 3 मीटर, उलट्या पंख्याचे बळ 50,000 न्यूटन असे मानू आणि पाण्याचा विरोध सोडून देऊ. मंदन येते दर सेकंदाला 0.02 मीटर प्रतिसेकंद. म्हणजे थांबायला अडीच मिनिटे आणि 225 मीटर लागले. तोच बार्ज रिकामा, 500 टनांचा असेल, तर 30 सेकंद आणि 45 मीटर. भरल्या बार्जसमोरून होडी काढू नये ती यासाठी. चालवणाऱ्याने पाहिले तरी त्याच्या हातात फारसे काही नसते.

दुचाकीवाल्यांसाठी एक जोड. बोट धक्क्याला टेकली की तळ थांबतो, गाडी मात्र पुढेच जाऊ पाहते. गाडीचे तोंड बोटीच्या दिशेने असेल, तर ती पुढे सरकताच साइड स्टँड मागे दुमडतो. मधल्या स्टँडवरूनही गाडी पुढेच उतरते. मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. बंद स्कूटरला गिअरचा आधार नसतो, म्हणून मागचा ब्रेक दाबून धरून तिच्याजवळच उभे राहावे.

प्रश्न : मुलाच्या पुस्तकात आहे, वस्तुमान जास्त तर जडत्व जास्त. मग सारख्याच वेगाचे भरलेला आणि रिकामा ट्रक यांत भरलेला उशिरा थांबणार ना? (एक पालक, वाळपई)

उत्तर : पुस्तक बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. वजन दुप्पट झाले की टायर रस्त्यावर दुप्पट दाबला जातो, म्हणून मिळू शकणारे घर्षणही दुप्पट होते. दोन्ही एकमेकांना काटतात. ताशी 40 किलोमीटर वेग आणि कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक 0.7 धरला, तर दोघांनाही ब्रेक लागल्यापासून सुमारे 9 मीटर लागतील. पावसात तो 0.4 वर आला की 16 मीटर. पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी 11 मीटर त्यात धरावे लागतात. ते कोणी मोजत नाही. पाण्यातल्या बार्जला अशी भरपाई मिळत नाही, म्हणून तिथे वजन पुरते भोवते.

हे गणित ब्रेक धड असतील तरच. घाटात नेमके तेच बिघडते. 16 टनांचा ट्रक 500 मीटर उंची उतरला की सुमारे 78 दशलक्ष जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये गेली, तर तेवढ्या उष्णतेने साधारण अडीचशे लिटर पाणी उकळीला येईल. लायनर तापले की त्यांचे घर्षण उतरते, पेडल दाबूनही पकड मिळत नाही आणि जळका वास येतो. चोर्ला किंवा अनमोड घाटात उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवते. ब्रेक हलका दाबून धरत उतरू नये. ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि पाय काढावा. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणाऱ्यांना काय म्हणावे!

प्रश्न : बसने ब्रेक मारला की आपल्याला पुढे कोण ढकलते? (एक विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : ढकलत कोणी नाही. बस मंदावते, तुमचे शरीर आधीच्याच वेगाने जात राहते. पटत नसेल तर पाण्याची बाटली जवळजवळ पूर्ण भरा, बोराएवढा बुडबुडा ठेवा आणि बसमध्ये मांडीवर आडवी धरा, बूच पुढे. ब्रेक लागला की प्रवासी पुढे झुकतील, बुडबुडा मात्र मागे पळेल. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड, ते पुढच्या बाजूला दाटते आणि हवेला मागे सारते. बाटली तिरकी असेल तर बुडबुडा आधीच एका टोकाला चिकटतो आणि प्रयोग फसतो, म्हणून सपाट रस्त्यावरच करा.