जुन्या अल्बमची मूळ सीडी घ्यावी की रीमास्टर?

मूळ. रॉकचा अल्बम असेल आणि रीमास्टर (त्याच रेकॉर्डिंगचा आवाज नव्यानं बसवून काढलेली आवृत्ती) साधारण १९९५ ते २०१० मधलं असेल, तर डोळे झाकून मूळ.

‘रीमास्टर जास्त स्पष्ट ऐकू येतं’ हे मला कायम ऐकवलं जातं. ते स्पष्ट नसतं, मोठ्या आवाजात असतं. दोन-तीन डेसिबल वाढले की बास भरदार वाटतो, वरचे सूर चमकतात आणि लोक त्यालाच दर्जा समजतात. सीडीवर शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटल कमाल मर्यादेच्या, वर जाता येत नाही. म्हणून आवाजाची सरासरी वाढवायची तर लिमिटरनं (मर्यादेपलीकडचा आवाज दाबणाऱ्या साधनानं) शिखरं, म्हणजे आवाजाचे क्षणिक उंच बिंदू, दाबावी लागतात. सगळ्यात आधी स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका मरतो. मग कडवं आणि कोरस यांच्यातला फरक जातो, कारण कोरसला उसळी घ्यायला जागाच उरत नाही. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) रीमास्टर नाही, पण पुरावा म्हणून चोख आहे: सीडीवर आवाज फाटलेला आणि तीच गाणी ‘गिटार हीरो’ या गेममध्ये मोकळी.

पटत नसेल तर स्वतः तपासा. दोन्ही सीडींवरून वॅव्ह किंवा फ्लॅक (दर्जा न घटवणाऱ्या) फाइल काढा. एमपीथ्री नको, एन्कोडिंगमध्ये शिखरं बदलतात. ऑडॅसिटी या ऑडिओ संपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर लाटांचे माथे एका रेषेत छाटलेले दिसले तर अर्धा निकाल तिथेच लागला. मग ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’नं दोन्ही -२३ एलयूएफएसवर (ऐकू येणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणा. नुसतं ‘नॉर्मलाइज’ लावू नका. ते शिखरं जुळवतं, सरासरी नाही, आणि रीमास्टर पुन्हा मोठंच राहतं. आता तेच २० सेकंद आलटून पालटून ऐका. अदलाबदल दुसऱ्या कुणी केली तर उत्तम. लक्ष स्नेअरवर, झांजांच्या विरत जाणाऱ्या नादावर आणि शेवटच्या फेडवर (गाणं हळूहळू विरतं त्या भागावर) ठेवा. फेडमध्ये झांजा पाण्याखालून आल्यासारख्या वाटल्या, तर टेपची सरसर काढताना नॉइज रिडक्शन अती झालंय.

स्ट्रीमिंगवर नॉर्मलायझेशन चालू ठेवा. स्पॉटिफाय साधारण -१४ एलयूएफएसला आणतं, म्हणजे मोठ्या आवाजाचं मास्टर (अल्बमचं अंतिम रेकॉर्डिंग) खाली ओढलं जातं आणि त्याचा दाबलेपणा तेवढा शिल्लक राहतो. ‘मोठं म्हणजे चांगलं’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावंच.

अपवाद आहेत. १९८० च्या दशकातल्या कित्येक सीडी मूळ मास्टर टेपवरून निघाल्याच नाहीत. एलपी कापण्यासाठी केलेली प्रत वापरली गेली. तिथे मूळ टेपवरून नीट केलेलं रीमास्टर उघड सरस ठरतं. ‘रीमिक्स’ लिहिलं असेल तर हा हिशेब लागू नाही, कारण तिथे मल्टिट्रॅकपासून (प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या रेकॉर्डिंगपासून) सगळं पुन्हा बसवलेलं असतं. आणि एलपीचा डीआर (डायनॅमिक रेंज, म्हणजे शिखरं आणि सरासरी आवाज यांच्यातलं अंतर) आकडा सीडीहून जास्त दाखवून कुणी वाद घातला तर मानू नका. एलपी कापताना आणि वाजवताना फेज (ध्वनिलहरींची वेळ) सरकतो, शिखरं उंचावतात, त्यामुळे मास्टर तेच असलं तरी मीटर काही अंक जास्त दाखवतो.