पाव इंचाने काय बिघडते, हे मी अकरा ब्लॉक उसवून शिकले

आपण विचारले आहे की, शिवणगटातल्या अदलाबदलीसाठी केलेले ब्लॉक, म्हणजे गोधडीसाठी तुकडे जोडून शिवलेले चौकोन, साडेबारा इंचांऐवजी सव्वाबारा भरले तर ते तसेच द्यावेत का, आणि त्यांत आईच्या जुन्या सुती साड्यांचे कापड घातले तर चालेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: देऊ नयेत. इतक्या ठामपणे लिहिते, कारण माझे अकराच्या अकरा ब्लॉक याच पाव इंचापायी परत आले होते.

2014 साली न्यू जर्सीत, आमच्या गावच्या वाचनालयात शिवायला जमणाऱ्या आम्ही 12 जणींनी ‘सॉटूथ स्टार’ म्हणजे करवती टोकांच्या चांदणीची अदलाबदल ठरवली होती. प्रत्येकीने 12 ब्लॉक शिवायचे, एक स्वतःला ठेवायचा आणि उरलेले अकरा अकरा जणींना द्यायचे. महिनाभर रात्री जागून मी ते पुरे केले, आणि आठवड्याने पाकीट परत आले. वर पेन्सिलीने फक्त ‘12¼’ लिहिलेले होते. मला तो अपमान वाटला. मी साताऱ्याला जाऊबाईंना फोन लावला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘आपल्या वाकळांना कुठे गं फूटपट्टी लागत होती? प्रेमाने दिलेल्या वस्तूचं माप काढतात होय?’’ मला ते पटले आणि तेच बोलून दाखवायचे ठरवून मी पुढच्या बैठकीला गेले.

गट सांभाळणाऱ्या बाईंचे वय सत्तरीच्या पुढचे होते. त्यांनी वाद घातला नाही. माझा एक ब्लॉक टेबलावर दुसरीच्या ब्लॉकला लावून ठेवला आणि कडेला टाचण्या टोचल्या. एक टोक जुळवले की दुसऱ्या टोकाला शेजारणीचे कापड फुगत होते. सगळे ब्लॉक माझ्या मापाला कापावेत, तर चांदणीच्या टोकांपुढे शिवणीसाठी ठेवलेली पाव इंच मायाच कमी होणार, म्हणजे जोडताना अकरा जणींच्या चांदण्यांची टोके शिवणीत जाणार. मी काही न बोलता पाकीट घरी आणले. एका ब्लॉकला टोकांच्या तिरप्या शिवणी सोडून आठ शिवणी, म्हणजे अकरा ब्लॉकांच्या अठ्ठ्याऐंशी. त्या साऱ्या उसवून पुन्हा घालायला मला चार रात्री लागल्या.

चूक कापण्यात नव्हती, मायेत होती. माझ्या मशीनच्या फुटाची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाची, कड धरून शिवले की माया पाव इंचापेक्षा अर्धा सूत जास्त जात असे. शिवण दोन्ही तुकड्यांना खाते, म्हणून एका शिवणीत एक सूत आणि ओळीतल्या दोन शिवणींत दोन सूत, म्हणजे पुरता पाव इंच गेला. आपणही दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून, इस्त्री करून पाहावे. मधली पट्टी नेमकी एक इंच दिसली पाहिजे. ती कमी भरली, तर मशीनच्या पत्र्यावर सुईपासून योग्य अंतरावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावून कापड त्याला टेकवून शिवावे. घडीतही थोडे कापड जाते, म्हणून माया पाव इंचाला धाग्याएवढी कमीच ठेवावी. उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, कडांवर इस्त्री फिरवू नये, नुसती दाबून उचलावी.

जाऊबाई आजही तेच म्हणतात, आणि मला ते मान्य नाही. सासूबाईंना वाकळ शिवताना आम्ही दोघींनीही पाहिले आहे. त्या लुगड्यांच्या थरावर ठिगळ ठेवून कड आत मुडपत आणि पुढच्या ठिगळाखाली आधीच्याची कड दाबत. खाली अखंड कापड आणि शिवणारा हात एकच असल्यामुळे कमी-जास्त तिथल्या तिथे निभावत असे. तरीही त्या ठिगळ कात्रीने न कापता फाडून घेत, म्हणजे ते ताण्या-बाण्यात सरळ उतरे, आणि वितीने मोजल्याशिवाय खाली ठेवत नसत. माप नव्हते, असे म्हणणे हा त्यांच्या हातावर अन्याय आहे. ब्लॉकला मात्र खाली आधार नसतो आणि त्याचे पुढचे शिवण परक्या हातात असते. 1840 च्या दशकात न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर या भागांतल्या बायका असे ब्लॉक शिवून त्यांवर शाईने नाव लिहीत. आम्हीही मागे नाव लिहितो. ज्या कापडावर आपले नाव आहे, ते दुसरीला ताणून-ओढून जोडावे लागू नये.

आपला ब्लॉक साध्या नऊ चौकोनांचा असेल, तर टोके जाण्याची भीती नसते आणि गटाने ठरवले असल्यास सगळ्यांचे ब्लॉक थोडे कापून चालते. हे आधी विचारून घ्यावे.

साडीच्या कापडाविषयी: पुष्कळ गट क्विल्टिंगचे, म्हणजे अशा गोधड्यांसाठीचे, सुती कापडच मागतात. धुऊन विरलेली साडी नव्या कापडाशेजारी शिवणीलगत लवकर फाटते. वापरायचीच असेल, तर ओला पांढरा फडका घासून रंग जातो का ते पाहावे आणि कापण्याआधी खळ द्यावी. माझे मत विचाराल, तर ती अदलाबदलीत देऊ नये. माझ्या बाराव्या, घरी ठेवलेल्या ब्लॉकच्या मधल्या चौकोनात सासूबाईंचे हिरवे लुगडे आहे. तो ब्लॉकही मी उसवून साडेबारा इंचांचा केला.