चिन्ह, संकेत, प्रतीक: जाहिरात वाचताना कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा: जाहिराती आणि बातम्यांच्या चर्चेत चिन्ह, संकेत, प्रतीक हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी येतात. ते समानार्थी आहेत का?

नाहीत. स्वतःपलीकडच्या कशाचा तरी बोध करून देते ते 'चिन्ह'. तो बोध ज्या ठरलेल्या रीतीने होतो, तो 'संकेत'. काव्यशास्त्रात अभिधेने (शब्दाच्या थेट अर्थ सांगण्याच्या शक्तीने) कळणाऱ्या अर्थाला 'साक्षात्संकेतित' म्हणतात, तिथला संकेत हाच. पाकिटावरचा चौकटीतला हिरवा ठिपका हे चिन्ह. 'हिरवा म्हणजे शाकाहारी' हा संकेत. 'राजीनाम्याचे संकेत'मधला संकेत म्हणजे नुसती सूचना. बराचसा घोळ तिथूनच येतो.

खरी अडचण 'प्रतीका'ची. अमेरिकन तत्त्वज्ञ पर्सने चिन्हे तीन प्रकारची मानली: साम्यावर चालणारी (छायाचित्र), प्रत्यक्ष संबंधावर चालणारी (धुरावरून आग) आणि निव्वळ रूढीवर चालणारी. तिसऱ्या प्रकाराला मराठीत 'प्रतीक' म्हटले की हिरवा ठिपकाही प्रतीक ठरतो. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचे म्हणणे नेमके उलट. न्यायाचे प्रतीक असलेल्या तराजूऐवजी रथ चालणार नाही. प्रतीकात थोडा तरी स्वाभाविक दुवा असतो, म्हणून निव्वळ रूढीवर चालणाऱ्या भाषिक चिन्हाला (शब्दाला) प्रतीक म्हणणे त्याला पटत नव्हते. मराठी कानाला सोस्यूरच जवळचा. पर्सच्या तिसऱ्या प्रकाराला सरळ 'रूढ चिन्ह' म्हणावे आणि लेखात कोणाची परिभाषा वापरतोय ते एकदा सांगून टाकावे.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने 1964 मध्ये पान्झानी या फ्रेंच कंपनीच्या पास्त्याची जाहिरात उलगडली. जाळीच्या पिशवीतून पास्त्याची पाकिटे, डबा, टोमॅटो, कांदे, ढोबळी मिरच्या बाहेर येतात. टोमॅटोचे चित्र साम्याने टोमॅटो दाखवते, तो वाच्यार्थ, म्हणजे थेट अर्थ. टोमॅटो, मिरची आणि लाल-पिवळा-हिरवा रंगमेळ मिळून 'इटालियनपणा' सुचवतात. उघड्या पिशवीतून 'आत्ताच बाजारातून आणलेले ताजे' हे सुचते. इटालियनपणाची ही खूण फ्रेंच ग्राहकासाठी आहे, इटालियन माणसाला ती फारशी जाणवणार नाही. संकेत कोणाचा, हे न विचारता केलेले विश्लेषण इथेच फसते.

कोणता अर्थ कोणत्या घटकातून येतो हे तपासायचे तर एकेक घटक बदलून पाहावा. टोमॅटोच्या जागी बटाटे ठेवले की इटालियनपणा फिका पडतो, ताजेपणा टिकतो. घटक बदलूनही काहीच हलले नाही, तर त्यावर परिच्छेद खर्चू नये.

अशा सूचित अर्थाला 'व्यंग्यार्थ' म्हणायला हरकत नाही. काव्यशास्त्रातला 'ध्वनी' मात्र म्हणू नये: ध्वनीत व्यंग्यार्थ वाच्यार्थापेक्षा प्रधान लागतो, आणि इथे शेवटी पास्ताच विकायचा आहे.