समूहातले मॉडरेटर फुकट काम करतात, मग त्यांना जाब विचारणं योग्य आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: समूहातले मॉडरेटर मनाला येईल ती पोस्ट काढतात, कारण विचारलं की बाहेरचा रस्ता दाखवतात, पण ते विनामोबदला राबतात, मग त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षा धरावी का?

धरावीच. हे मी चार वर्षं मॉडरेटर राहिलेला माणूस म्हणून सांगतो.

आमचा समूह द्राक्ष बागायतदारांचा. एका शेतकऱ्याने पानांच्या फोटोंसह लिहिलं की अमुक औषधाच्या दोन फवारण्या करूनही डावणी (ओल्या हवेत पसरणारा द्राक्षवेलीचा रोग) आटोक्यात आली नाही. पोस्ट तासाभरात गायब. त्याने कारण विचारलं तर त्यालाच ब्लॉक केलं. पोस्ट काढणारा आमचाच एक सहकारी होता आणि त्याच्या कृषी सेवा केंद्रात तेच औषध विकायला होतं. आम्हाला हे कळायला तीन दिवस लागले. ऐन पावसाळी हवेत ते तीन दिवस किती मोठे, हे बाग असलेल्यालाच कळेल. आम्ही पोस्ट परत लावली, जाहीर माफी मागितली. तो शेतकरी मात्र परत आला नाही, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

त्यानंतर आम्ही ठरवलं की पोस्ट काढली तर कोणत्या नियमाने काढली ते त्या माणसाला कळवायचं, ज्याने काढली त्याने तक्रार ऐकायची नाही आणि ज्याचा धंदा किंवा नातं गुंतलंय त्याने त्या विषयाला हातच लावायचा नाही. काम वाढलं, हे खरं आहे. पण भांडणं कमी झाली, कारण 'का काढलं?' हा प्रश्नच बहुतेक भांडणांच्या मुळाशी होता.

नुसत्या नोंदी उघड ठेवल्या की झालं, असं मात्र समजू नका. विकिपीडियावर प्रत्येक बदल आणि प्रचालकांनी, म्हणजे तिथल्या मॉडरेटरांनी, घातलेली प्रत्येक बंदी नोंदवली जाते, कोणीही पाहू शकतो. तरी क्रोएशियन विकिपीडिया जवळपास दशकभर प्रचालकांच्या एका कट्टर राष्ट्रवादी टोळक्याच्या ताब्यात राहिला. विरोध करणाऱ्यांवर बंदी यायची आणि बनावट खात्यांनी मतदान फिरवलं जायचं. २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो वापरू नका असं सांगितलं, पण विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा सविस्तर अहवाल यायला २०२१ उजाडलं. नोंदी होत्या म्हणून पुढे गैरप्रकार सिद्ध करता आला. तोवर दाद मागायची ती त्याच टोळक्याकडे, ही खरी अडचण होती. म्हणून तक्रार ऐकणारा थोडा तरी बाहेरचा हवा.

कायद्याचं म्हणाल तर भारतात २०२१च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांप्रमाणे फेसबुक-व्हॉट्सॲपसारख्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते आणि २०२३ पासून त्यावर सरकारी अपील समितीही आहे. पण ही व्यवस्था मुख्यतः कंपनीच्या निर्णयांसाठी आहे. समूहाच्या ॲडमिनने काढलेल्या पोस्टसाठी तिचा फार भरवसा धरू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की व्हॉट्सॲप समूहातल्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याशिवाय, ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. मला तो निकाल पटतो. दुसऱ्याच्या बोलण्याचं ओझं ॲडमिनवर नको. पण स्वतः घातलेल्या बंदीचं कारण त्याने सांगायलाच हवं, मग तो पगार घेवो वा न घेवो.

तुम्ही आता एवढं करा. पोस्टचा आणि त्यांच्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. ज्याने काढली त्याला सोडून दुसऱ्या मॉडरेटरला लिहा आणि एकच विचारा, कोणता नियम मोडला? 'तुम्ही पक्षपाती आहात' या वाक्याने सुरुवात केलीत तर तो मॉडरेटर सहकाऱ्याच्या बाजूने उभा राहील. मीही तेव्हा सुरुवातीला तसाच उभा राहिलो होतो.